द्विमान, दशमान आणि षोडशमान: संख्या एका पद्धतीतून दुसरीत कशी न्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवते. गोव्यात पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होतं. पाढे डोक्यात मराठीत बसलेले असतात, आणि ‘बायनरी’ (द्विमान), ‘हेक्साडेसिमल’ (षोडशमान) मात्र इंग्रजीतून कानावर पडतं. घरी विचारावं तर आई-बाबांनाही ते परकं वाटतं. खरं म्हणजे या गणितातला एकही भाग आपल्याला परका नाही. वर्गात आणि पालकांच्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

लिहिण्याबद्दल एक सूचना: षोडशमानातली रोमन अक्षरं इथे त्यांच्या उच्चारानं, म्हणजे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत, आणि वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे.

एकच संख्या तीन तऱ्हांनी लिहायची कशाला?

संख्या तीच राहते, बदलतं ते तिचं लिखाण. गोव्याच्या विधानसभेत ४० जागा आहेत. हीच संख्या द्विमानात १०१००० अशी लिहितात आणि षोडशमानात २८ अशी. जागा कमी-जास्त झाल्या नाहीत. आपण दहा बोटांवर मोजत आलो म्हणून दशमान. संगणकाच्या आतल्या प्रत्येक सूक्ष्म स्विचला चालू आणि बंद या दोनच स्थिती ओळखायच्या असतात, म्हणून द्विमान. आणि द्विमानातली शून्य-एकची लांबलचक रांग माणसाला वाचवत नाही, म्हणून तिचं आटोपशीर रूप षोडशमान.

वाचतानाही काळजी घ्या. षोडशमानातल्या २८ ला ‘अठ्ठावीस’ म्हणू नका, ‘दोन-आठ’ म्हणा. अठ्ठावीस हे दशमानातल्या संख्येचं नाव आहे.

दोन आणि सोळा यांचा एवढा घरोबा का? आणि सोळा डोक्यात कसा बसवायचा?

या प्रश्नासाठी मी दरवर्षी एक अख्खा तास देते, कारण हे कळलं की पुढचं निम्मं काम झालं.

सावईवेऱ्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात दोन राजवटींची नाणी एकत्र पडलेली असत: पोर्तुगीजांची आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली. गोव्यात १९५८ साली एस्कुदो हे चलन येईपर्यंत रुपिया चालत होता आणि एका रुपियाचे सोळा तांगा होत. सीमेपलीकडे रुपयाचे सोळा आणे होत. तिथे दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ पासून. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी अर्धं आयुष्य सोळाच्या पायावर हिशेब केला.

आता आण्यांची नाणी आठवा. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची आणि सुटा आणा एकाचा. ही चार नाणी, प्रत्येकी एकच, टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडा. तेरा आणे द्यायचेत. अधेली लागेल? हो. राहिले पाच. पावली? हो. राहिला एक. चवली? नको. आणा? हो. ‘हो’ला १ आणि ‘नको’ला ० लिहा: ११०१. झाले तेरा द्विमानात. शून्यापासून पंधरापर्यंत कुठलीही रक्कम या चार नाण्यांनी देता येते, आणि ती देण्याची रीत प्रत्येक वेळी एकच असते. चार जागांच्या द्विमान संख्येत सोळा शक्यता बसतात त्या अशा.

सोळा आणे झाले की रुपया. तो शेजारच्या घरात लिहायचा आणि आण्यांच्या घरात शून्य. षोडशमानात सोळा म्हणजे १० असं लिहितात, त्याचा अर्थ एवढाच: एक रुपया, शून्य आणे. आणि विधानसभेच्या चाळीस जागा? चाळीस आणे म्हणजे दोन रुपये आठ आणे. म्हणून २८.

ए पासून एफ पर्यंतची अक्षरं कशासाठी?

प्रत्येक घरात एकच चिन्ह मावतं. नऊपर्यंतचे अंक आपल्याकडे आहेत, पण दहा ते पंधरा आण्यांसाठी एकेरी चिन्हं नाहीत, म्हणून अक्षरं उसनी घेतली: ए १०, बी ११, सी १२, डी १३, ई १४, एफ १५. त्यापुढचं अक्षर लागत नाही. गाडीच्या पाटीवरच्या ‘जीए’मधला ए षोडशमानात चालतो, जी चालत नाही. गोव्याचे १२ तालुके षोडशमानात एका सी मध्ये बसतात.

दशमान संख्या द्विमानात कशी न्यायची?

दोन रीती आहेत. परीक्षेत भागाकाराची मागतात, डोक्यातल्या डोक्यात वजाबाकीची सोपी जाते.

भागाकाराची रीत: संख्येला दोननं भागत जा आणि प्रत्येक वेळी बाकी लिहा. ४० चे २०, बाकी ०. २० चे १०, बाकी ०. १० चे ५, बाकी ०. ५ चे २, बाकी १. २ चा १, बाकी ०. १ चा ०, बाकी १. आता बाक्या खालून वर वाचा: १०१०००. वरून खाली वाचल्या तर ०००१०१ येतं आणि त्याची किंमत आहे ५. सर्वांत जास्त मार्क या एकाच चुकीपायी जातात. कारण लक्षात ठेवलंत तर चूक होणार नाही: पहिली बाकी सांगते की संख्या सम आहे की विषम, आणि सम-विषम ठरतं ते एककाच्या घरात. म्हणून पहिली बाकी नेहमी सर्वांत उजवीकडे जाते.

वजाबाकीची रीत म्हणजे वरचीच नाणी, फक्त मोठी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. संख्येत मावणारं सर्वांत मोठं नाणं काढा, उरलेल्यात मावणारं पुढचं काढा, असं शून्यापर्यंत. गोव्याचा एसटीडी कोड घ्या. ८३२ मधून ५१२ गेले, उरले ३२०. त्यातून २५६ गेले, उरले ६४. ते ६४ चं नाणंच आहे. म्हणजे ५१२, २५६ आणि ६४ च्या घरांत १, बाकी घरांत ०: ११०१०००००० ही दहा घरं.

निम्मं करत जाण्याची ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगल या प्राचीन छंदशास्त्रकाराच्या परंपरेतल्या छंदःशास्त्रात, म्हणजे वृत्तांच्या शास्त्रात, ‘नष्ट’ नावाची रीत आहे. वृत्ताच्या प्रस्तारातल्या, म्हणजे लघू-गुरूंच्या सगळ्या मांडण्यांच्या यादीतल्या, अमुक क्रमांकाच्या ओळीत लघू-गुरू कसे लागतील, हे सगळ्या ओळी न मांडता काढायचं असेल तर क्रमांक सम असल्यास लघू लिहून निम्मं करायचं, विषम असल्यास एक मिळवून निम्मं करायचं आणि गुरू लिहायचा. मराठीच्या तासाला वृत्तं शिकलेल्या मुलीला हे सांगितलं की तिचा चेहरा उजळतो, आणि मला त्या तासाचं सार्थक वाटतं.

द्विमानातून दशमानात परत यायला घात पाठ करावे लागतात का?

नाही. डावीकडून सुरू करा. हातातल्या संख्येची दुप्पट करा आणि पुढचा अंक मिळवा, बस. १०१००० साठी: १, मग २, मग ५, मग १०, २०, ४०. वर भागाकारात जे आकडे उतरत्या क्रमानं आले, तेच इथे चढत्या क्रमानं येतात. त्यामुळे पडताळा घ्यायलाही हीच रीत वापरा.

षोडशमानातून येतानाही तसंच करायचं, फक्त दुपटीऐवजी सोळापट.

मोठी दशमान संख्या थेट षोडशमानात नेता येते का?

येते, आणि तेच करावं. आण्यांचे रुपये करायचे, बाकी काही नाही. गोवा मुक्त झाला ते साल घेऊ, १९६१. १९६१ आण्यांचे १२२ रुपये आणि वर ९ आणे. ते ९ उजवीकडे लिहून ठेवा. आता १२२ ला पुन्हा सोळानं भागा: सात वेळा सोळा म्हणजे ११२, उरले १०, म्हणजे ए. उरलेले ७ डावीकडे. उत्तर ७-ए-९. पडताळा: ७ गुणिले १६, अधिक १०, झाले १२२. १२२ गुणिले १६, अधिक ९, झाले १९६१.

सोळाचा पाढा येत असेल तर हे दोन ओळींत होतं. म्हणून मी मुलांना पाढा म्हणायला लावते, अकरावीतसुद्धा. सोळा दुणे बत्तीस, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, सोळा चोक चौसष्ट. इंग्रजी माध्यमात गेल्यावर पाढे बारापर्यंतच थांबलेली मुलं असतात, त्यांना इथे अडखळायला होतं.

द्विमान आणि षोडशमान यांच्यात तर भागाकारही नको म्हणतात. ते कसं?

षोडशमानातलं एक चिन्ह म्हणजे द्विमानातल्या चार जागा, म्हणजे आपली चार नाणी. ७-ए-९ मधला ७ म्हणजे ०१११, ए म्हणजे १०१०, ९ म्हणजे १००१. ओळीनं लिहा: ०१११ १०१० १००१. सुरुवातीचं शून्य सोडलं की ११११०१०१००१. झालं १९६१ द्विमानात, एकदाही दोननं न भागता.

उलट जाताना चार-चारचे गट पाडायचे, पण उजवीकडून. हे मी फळ्यावर दोनदा अधोरेखित करते. १११ । १०१० । १००१ असे गट पडले की ७-ए-९. डावीकडून पाडले तर ११११ । ०१०१ । ००१ असं होतं, त्याचं एफ-५-१ येतं आणि त्याची किंमत ३९२१ भरते. साल जवळजवळ दुप्पट झालं. पैसे मोजताना आपण सुट्या आण्यांपासून सुरुवात करतो, तसंच इथे. डावीकडे गट अपुरा राहिला तर पुढे शून्यं लावा, त्यानं किंमत बदलत नाही.

उत्तरात एकही अक्षर नसेल तर ते षोडशमान आहे हे ओळखायचं कसं?

ओळखता येत नाही, म्हणूनच पाया, म्हणजे संख्या दोनच्या, दहाच्या की सोळाच्या पद्धतीतली आहे ते, लिहायचा. पणजीचा पिन कोड ४०३००१ आहे. तो षोडशमानात नेला तर ६२६३९ येतो. एकही अक्षर नाही! म्हापशाच्या ४०३५०७ चं ६२८३३ होतं आणि मडगावच्या ४०३६०१ चं ६२८९१. तिन्ही उत्तरं दिसायला साधे पाच आकडी दशमान आकडे. वहीत संख्येच्या खाली उजवीकडे बारीक १६ किंवा २ लिहा. प्रोग्राममध्ये षोडशमान संख्येपुढे शून्य-एक्स लावतात आणि द्विमान संख्येपुढे शून्य-बी. माझ्या वर्गात पाया न लिहिलेलं उत्तर मी अर्धं धरते. मुलांना कडक वाटतं, पण पुढे कामावर गेल्यावर असा एक आकडा दोन जणांनी दोन तऱ्हांनी वाचला तर काय होतं, ते तेव्हा कळून उपयोग नसतो.

प्रोग्राममध्ये ०८३२ लिहिलं तर चूक दाखवतं, ८३२ ला दाखवत नाही. असं का?

कारण सी या प्रोग्रामिंग भाषेत पुढे शून्य लावलेली संख्या अष्टमान, म्हणजे आठच्या पायाची समजली जाते. अष्टमानात ० ते ७ एवढेच अंक, त्यामुळे ८ दिसताच कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, अडतो. पायथॉन ३ मध्ये तर पुढे शून्य लावलेली अशी संख्या सरळ नाकारली जाते. जिथे सगळे अंक सात किंवा त्याहून लहान असतात, तिथे सी काहीच तक्रार न करता वेगळी किंमत घेतं, आणि ते जास्त धोक्याचं. फोनचा कोड, गाडीचा क्रमांक, हजेरीपटावरचा क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी आपण करत नाही. त्या संख्या नव्हेतच, तो मजकूर आहे. अवतरणचिन्हांत लिहा.

अष्टमान शिकण्याची गरज उरली आहे का?

अभ्यासक्रमात आहे, आणि लिनक्सवर फाइलींच्या परवानग्या अजून अष्टमानात लिहितात. रीत तीच, फक्त चारऐवजी तीन-तीनचे गट. तीन जागांत आठ शक्यता, आणि या आठ आपल्याला पाठ आहेत: य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. लघूला ०, गुरूला १ माना आणि ‘यमाताराजभानसलगा’ म्हणा. यमाता म्हणजे ०११, तीन. मातारा १११, सात. ताराज ११०, सहा. राजभा १०१, पाच. जभान ०१०, दोन. भानस १००, चार. नसल ०००, शून्य. सलगा ००१, एक. दहा अक्षरांच्या त्या एका शब्दात शून्य ते सात हे सगळे अंक एकेकदाच येऊन जातात. मला ही मराठी आणि संस्कृत वर्गांतून हातात आलेली सर्वांत देखणी द्विमान रांग वाटते.

मराठी लेखाची लिंक पाठवली की टक्क्यांची चिन्हं आणि ई०, ए४ असं काहीतरी दिसतं. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे. तुम्हाला अक्षरांचे षोडशमान क्रमांक दिसताहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीची वस्ती षोडशमानात ०९०० ते ०९७-एफ या पट्ट्यात आहे. आपला ळ घ्या. त्याचा क्रमांक ०९३३, म्हणजे दशमानात २३५५. द्विमानात: ०००० १००१ ००११ ००११.

ही अक्षरं इंटरनेटवर यूटीएफ-८ नावाच्या रीतीनं तीन बाइटांत पाठवली जातात. द्विमानातली एक जागा म्हणजे एक बिट, आणि आठ बिट्सचा एक बाइट. त्यासाठी या सोळा बिट्सचे ४, ६ आणि ६ असे तुकडे करतात: ०००० । १००१०० । ११००११. पहिल्यापुढे १११० आणि उरलेल्या दोघांपुढे १० लावतात. तयार झालं: १११०००००, १०१००१००, १०११००११. आता चार-चारचे गट पाडून वाचा: ई-०, ए-४, बी-३. लिंकमध्ये प्रत्येक बाइटपुढे टक्क्याचं चिन्ह लागतं. देवनागरीतलं कुठलंही अक्षर घ्या, सुरुवात ई०-ए४ नं किंवा ई०-ए५ नं होते, म्हणून ती जोडी सारखी दिसत राहते. वहीवर ‘गोवा’ हा शब्द असा उलगडून बघा. क्रमांक ०९१७, ०९४-बी, ०९३५, ०९३-ई.

कॅल्क्युलेटर आणि एक्सेल असताना हातानं कशाला करायचं?

वापरा ना, पण त्यांच्या सवयी माहीत हव्यात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ प्रकार निवडला की चारही पद्धती एकत्र दिसतात. एक्सेलमधलं दशमानातून द्विमानात नेणारं डेक-टू-बिन हे सूत्र फक्त उणे ५१२ ते ५११ एवढ्याच संख्या घेतं. आपल्या ८३२ ला ते चूक दाखवतं. तिथे ‘बेस’ हे सूत्र वापरा.

एकदा मी प्रयोगशाळेतल्या मशीनच्या नेटवर्क कार्डांच्या क्रमांकांतली शेवटची चार-चार चिन्हं स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली. एक क्रमांक होता ७०-ई-४, अर्थात मध्ये रेघा नसलेला. स्प्रेडशीटनं ई ला दहाचा घात समजून त्याचे परस्पर ७ लाख केले. दोन दिवस ते मशीन यादीत सापडेना. तेव्हापासून आधी रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करते आणि मगच टाइप करते.

अपूर्णांकांचं काय?

पूर्णांकाच्या उलट: भागण्याऐवजी गुणायचं आणि पूर्ण भाग बाजूला काढत जायचा. ०.६२५ दुप्पट केलं की १.२५, १ लिहा. ०.२५ चं ०.५, शून्य लिहा. ०.५ चं १, एक लिहा. उत्तर ०.१०१. इथे काढलेले पूर्ण भाग वरून खाली वाचायचे.

पाव, अर्धा, पाऊण द्विमानात सरळ बसतात, जशी पावली आणि अधेली रुपयात बसते. पण दहा पैशांचे आणे करून बघा. ०.१ रुपया म्हणजे १.६ आणे. एक आणा लिहिला, उरले ०.६. त्याला सोळानं गुणलं की ९.६. नऊ लिहिले, पुन्हा उरले ०.६. पुन्हा नऊ, पुन्हा ०.६. हे संपतच नाही: ०.१९९९… असं षोडशमानात चालू राहतं. संगणकाला कुठेतरी तोडावं लागतं, म्हणूनच पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांचा हिशेब लिहिताना रुपयांच्या अपूर्णांकांऐवजी पूर्ण पैसे साठवायला आम्ही याच कारणानं सांगतो.

ऋण संख्या?

किती बिट्स वापरायचे ते आधी ठरवा. आठ बिट्समध्ये उणे ५ हवा असेल तर ५ लिहा: ०००००१०१. सगळे अंक उलटे करा, म्हणजे ० चा १ आणि १ चा ०, नीट मोजून आठच: ११११-१०१०. त्यात एक मिळवा: ११११-१०११. षोडशमानात एफ-बी. मात्र हेच एफ-बी नुसतं धन म्हणून वाचलं तर २५१ होतं, त्यामुळे प्रश्नात काय म्हटलंय ते आधी बघा.

सरावाला गणितं कुठून आणायची?

आजूबाजूला आहेत तीच घ्या. फोंड्याचा पिन ४०३४०१ आणि वास्कोचा ४०३८०२ षोडशमानात न्या. या दोन्हींत एकेक अक्षर येतं. मग गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते साल, १९८७, तिन्ही पद्धतींत लिहा. उत्तरं: ६२७-सी-९, ६२९५-ए आणि ७-सी-३, द्विमानात १११११००००११. जुळलं नाही तर सगळं खोडू नका, आधी सर्वांत उजवीकडचा अंक तपासा. तो बरोबर असेल तर चूक त्याच्या डावीकडे, पुढच्या भागाकारात सापडेल.